उत्तर होतं, ते पान काढलं

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज तीन वेळा येऊन पडला. निपाणीच्या ग्रुपवर तोच, खानापूरच्या पाहुण्यांकडून परत तोच. मजकूर थोडक्यात असा: ‘डार्विन खोटा ठरला. शास्त्रज्ञांनीच नाकारला, म्हणून सरकारने दहावीच्या पुस्तकातून काढला. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला? माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत? हा नुसता सिद्धांत आहे, सत्य नाही. अमेरिकेतसुद्धा शाळांत बंदी आहे.’ खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

मी बावीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यामुळे पुढे पाठवण्याआधी उत्तर देतो.

आधी ‘शास्त्रज्ञांनी नाकारला’ हे घ्या, कारण इथे गोष्ट बरोबर उलटी आहे. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले की डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे आणि अभ्यासक्रमातून बदलायला हवा. त्यावर देशातल्या तिन्ही मोठ्या विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून मंत्र्यांचं म्हणणं खोडलं. खुद्द त्यांच्या खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. पुढे केंद्राची शालेय पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांती वगळली, धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ उरलं. तेव्हा एप्रिल 2023 मध्ये 1800 हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी सही करून तो भाग परत घाला म्हणून पत्र दिलं.

आणि वगळताना एनसीईआरटीने कारण काय दिलं? कोविडनंतर मुलांवरचं ओझं कमी करायचं, पुनरावृत्ती टाळायची. डार्विन चुकला असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही. त्यांच्याच बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांतीचा अख्खा धडा आहे. माझी तक्रार वेगळी आहे. अकरावीला कॉमर्स किंवा आर्ट्स घेणारं पोर बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत जातंच कुठे? त्याचं विज्ञान दहावीला संपतं.

बरं, ‘सरकारने काढला’ म्हणजे कोणत्या सरकारने? आपल्या बेळगावातून शिनोळीची हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात गेलात की महाराष्ट्राचं पुस्तक लागतं. 2018 साली आलेल्या त्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. (आपण सीमाभागातले लोक पुस्तक कोणत्या भाषेत असावं यासाठी 1956 पासून भांडतोय. पुस्तकात काय असावं याकडे बघायला सवड कधी मिळणार, देव जाणे.)

आता माकड. हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा आणि मला आवडायचा. डार्विनने किंवा कुणीही असं म्हटलेलं नाही की आजच्या माकडाचा माणूस झाला. माणूस आणि चिंपँझी यांचे पूर्वज एकच होते. साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी वाटा फुटल्या. आपल्याकडे हे समजायला अवघड जायचं कारण नाही. बेळगावचे पाटील आणि गडहिंग्लजचे पाटील एकाच खापरपणजोबांचे. म्हणून गडहिंग्लजवाले बेळगाववाल्यांचे बाप होत नाहीत, आणि बेळगाववाले आहेत म्हणून गडहिंग्लजवाले नाहीसे व्हायला हवेत असंही कुणी म्हणत नाही. चिंपँझी आपला आजोबा नव्हे, भाऊबंद.

आणि इथेच मला हसावं की रडावं कळेना. भाचीचं सीबीएसईचं, म्हणजे एनसीईआरटीचंच, दहावीचं जुनं पुस्तक घरात आहे. त्यात ‘उत्क्रांती म्हणजे प्रगती नव्हे’ अशा अर्थाचा एक भाग होता. त्यात स्वच्छ लिहिलेलं: माणूस चिंपँझीपासून उत्क्रांत झालेला नाही, दोघांचा पूर्वज एक. म्हणजे या मेसेजचं उत्तर दहावीच्याच पुस्तकात छापलेलं होतं. ओझं म्हणून जी पानं काढली, त्यांतच हे पान गेलं. आता ज्या मुलांनी ते वाचलं नाही, तीच मोठी होऊन हा मेसेज पुढे पाठवणार.

‘होताना कुणी पाहिला?’ याचं उत्तर मी पुस्तकातून देत नाही. आमच्या भावकीतले दादा निपाणीकडे तंबाखू आणि सोयाबीन करतात. मागच्या पावसाळ्यात दुकानातून आले ते चिडूनच. ‘तीन वर्षामागं याच औषधानं अळी पटापटा पडत होती. औंदा डोस वाढवला तरी ती पान खातीया आणि माझ्याकडं बघतीया.’ तंबाखूची पानं खाणारी ती अळी, सोयाबीनवरही तीच. हजारो अळ्यांत चार-दोन अशा असतात की त्यांच्या अंगात ते विष मोडून काढायची ताकद जन्मतःच जास्त असते. फवारणीत बाकीच्या मरतात, या वाचतात. पतंग होऊन अंडी घालायला त्याच उरतात. पुढच्या पिढीत चारच्या चारशे होतात. एकाही अळीने औषध पचवायची सवय केलेली नसते. फवारा तेवढा निवड करत असतो. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात, आणि दादांनी ती आपल्याच बांधावर उभं राहून बघितली, वर तिचे पैसेही मोजले. अळीचा पक्षी झाला नाही हे खरं. त्याला लागणारा काळ आपल्या सातबाराच्या हिशेबात बसत नाही.

मोठ्या बदलाची खूण बघायची तर भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांतलं वटवाघूळ घ्या. त्याची शास्त्रात नोंद झाली 1913 साली, याच खानापूर तालुक्यातून. त्याच्या पंखाचा सांगाडा बघितलात तर दंडाचं एक हाड, पुढे दोन, मग मनगट, मग बोटं. लांबच लांब झालेली, पण बोटंच. तुमच्या हातात हाडांची रचना हीच आहे, कारण मागे गेलात तर दोघांचा पूर्वज एकच.

‘नुसता सिद्धांत’ हा मुद्दा तर मराठीत टिकतच नाही. आपल्याकडे सिद्धांत म्हणजे सिद्ध होऊन आलेला निष्कर्ष. ‘थिअरी म्हणजे अंदाज’ हा घोळ इंग्रजी बोलाचालीतला. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॉब काउंटीत 2002 साली पाठ्यपुस्तकांवर ‘ही थिअरी आहे, फॅक्ट नव्हे’ असे स्टिकर चिकटवले होते. 2005 मध्ये न्यायाधीशांनी ते काढायला लावले. तोच स्टिकर भाषांतर होऊन आपल्या फोनवर आलाय.

अमेरिकेतल्या बंदीची गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे. टेनेसी राज्यात 1925 साली स्कोप्स नावाच्या शिक्षकाला उत्क्रांती शिकवली म्हणून 100 डॉलर दंड झाला होता. तो कायदा 1967 मध्ये रद्द झाला, आणि 1968 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, जुन्या पुस्तकातल्या त्या पानाचा फोटोही. तासभर कुणी काही बोललं नाही. मग दादांचा एकट्याचा मेसेज आला: ‘त्ये ऱ्हाऊ दे गुरुजी. औंदा कुठलं औषध मारू ते सांगा.’ मी लिहिलं, तेच ते मारू नका, दुकानदाराला वेगळ्या गटातलं, म्हणजे अळीला वेगळ्या तऱ्हेने मारणारं, मागा, आणि पुढच्या फवारणीला पुन्हा बदला.