सेवेचा वार ठरवा, हिशेब ठेवा, फोटो काढू नका

ख्रिस्ती माणसाने जगावर चांगला प्रभाव कसा पाडावा हा विषय निघाला की मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं 'तुम्ही जगाचं मीठ, जगाचा प्रकाश' हमखास निघतं. संदेश छान होतो, सगळे 'आमेन' म्हणतात, आणि सोमवारी कोणी काय करायचं ते कोणालाच ठाऊक नसतं. मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, उत्साह भरपूर असतो, व्यवस्था नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. कोण जाणार, कोणत्या वारी, किती पैसे, कोणत्या खात्यातून आणि तपासणार कोण, एवढं ठरलेलं नसेल तर मनातली दया शेजाऱ्याच्या दारापर्यंत जात नाही.

पहिल्या मंडळीला हा धडा फार लवकर मिळाला. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. विधवांना रोजचं अन्न वाटताना ग्रीक बोलणाऱ्या विधवा राहून जात होत्या आणि त्यांच्या माणसांनी कुरकुर केली. प्रेषितांनी काय केलं ते बारकाईने बघा. कुरकुरणाऱ्यांना उपदेश केला नाही, आणि वाटपाचं काम स्वतःच्या अंगावरही घेतलं नाही. लोकांनाच सात माणसं निवडायला सांगितली आणि अटी घातल्या: लोकांत नाव चांगलं हवं, पवित्र आत्मा हवा आणि शहाणपणही हवं. निवडलेल्यांची नावं स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांकडे कारभार गेला. आजच्या कुठल्याही सेवाकार्याला हा नमुना पुरेसा आहे: पाच ते सात जणांचा गट, त्यात किमान दोघं ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांच्यातले, आणि पाळकाने वाटपाच्या टेबलापासून लांब राहायचं. पाळक स्वतः वाटायला लागला की चूक दाखवायची कोणाची हिंमत होत नाही.

काम निवडायच्या आधी निदान चार आठवडे नुसतं ऐका. यरुशलेमेचा पडलेला कोट, म्हणजे तटबंदी, पुन्हा बांधायला आलेला नहेम्या तिथे पोचल्यावर तीन दिवस गप्प होता. मग रात्री, थोडीच माणसं बरोबर घेऊन, कोणाला काही न सांगता त्याने कोट कुठे कुठे पडलाय ते पाहिलं. आपलं उलटं चालतं. आधी बॅनर छापतो, मग गरज शोधतो. शाळेतले शिक्षक, दवाखान्यातल्या नर्स, सफाई कामगार, एकटे राहणारे म्हातारे, अशा पंधरा-वीस लोकांशी बोला. चार प्रश्न पुरतात. गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? त्यावर तुम्ही स्वतः काय केलंत? आधीपासून मदत कोण करतंय? आणि आम्ही काय केलं तर तुमचं काम उलट वाढेल? चौथा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि खरी माहिती तिथेच मिळते. वापरलेल्या कपड्यांचे ढीग निवडत बसायला माणसं नाहीत, ते आणू नका, असं स्पष्ट उत्तर बऱ्याच ठिकाणी मिळेल.

मग एकच काम घ्या. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात कित्येक जण आपापल्या घरासमोरचा कोट बांधतात. जवळचं काम टिकतं, कारण ते टाळता येत नाही. समजा अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना शिकवायचं ठरलं. एका मोठ्या माणसामागे चारपेक्षा जास्त मुलं नकोत, आठवड्यातून दोन दिवस, एक तास, वार आणि वेळ पक्की. एकट्या वृद्धांना भेटायचं असेल तर एका स्वयंसेवकाकडे दोनच घरं, आठवड्यातून एकदा, पाऊण तास, आधी फोन करून. आकडे मुद्दाम छोटे ठेवलेत. सेवा बऱ्याचदा काही महिन्यांतच कोलमडते, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: पहिल्या आठवड्याच्या भरात माणसाने झेपेल त्याच्या दुप्पट अंगावर घेतलेलं असतं. आठवड्याला दोन तासांची कमाल मर्यादा ठेवा, प्रत्येक कामाला जोडीदार द्या, सहा महिन्यांनी एक महिना सुट्टी सक्तीची करा. नाताळात पन्नास माणसं घेऊन एकदा जाण्यापेक्षा वर्षभर दर बुधवारी दोघं गेलेली बरी. नाताळात सगळेच येतात हो, फेब्रुवारीत कोण येतं?

चांगल्या शोमरोनीची गोष्ट आपण फक्त दयेसाठी वाचतो. जरा व्यवहार म्हणून वाचा. लुटारूंनी वाटेत अर्धमेला टाकलेल्या माणसाच्या त्याने जखमा बांधल्या, तेल आणि द्राक्षारस जवळ होता तो वापरला, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दिनार दिले. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, मत्तयाच्या विसाव्या अध्यायात दर दिलेला आहे. जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असंही सांगितलं आणि स्वतःच्या कामाला गेला. तातडीची मदत, जाणकाराकडे सोपवणं, ठरलेली रक्कम, पुन्हा येण्याचा शब्द: सगळं त्यात आहे. आपली मदत फसते ती शेवटच्या टप्प्यावर, कारण पुन्हा कोणी जात नाही.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला ख्रिस्ती माणसं लाजतात. पौल लाजला नव्हता. यहूदियातल्या गरिबांसाठी वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ त्याने मुद्दाम बरोबर घेतला, आणि कारण लिहून ठेवलं: प्रभूसमोरच नव्हे, माणसांसमोरही व्यवहार चोख दिसावा (करिंथकरांस दुसरे पत्र, आठवा अध्याय). म्हणून अर्पण मोजायला एका घरातले नसलेले दोघं बसवा. मोजल्यावर कागदावर दोघांच्या सह्या, बँकेत लगेच पुढच्या कामाच्या दिवशी भरणा, मदतनिधीचं खातं वेगळं, पैसे काढायला दोन सह्या. महिन्याचा हिशेब एका पानात, सगळ्यांना दिसेल असा लावा. मदत घेणाऱ्यांची नावं मात्र त्यात नकोत. तातडीच्या मदतीची एक रक्कम ठरवून ठेवा, त्याच्या आत दोघांनी निर्णय घ्यायचा, त्याच्यावर समितीने. शक्य तिथे फी किंवा औषधाचं बिल थेट भरा, पण तो नियम करू नका. आपल्या घराला काय लागतं हे त्या घरातल्या बाईला आपल्यापेक्षा जास्त कळतं. 'आपल्यातलाच आहे, विश्वासाचा आहे' म्हणून एकाच माणसाच्या हाती सगळं देणं हा त्या माणसावरही अन्याय असतो. आळ आला तर निर्दोष ठरायला त्याच्याकडे कागद नसतो.

आता नाजूक मुद्दा. मदतीला अट लावू नका. जेवणाआधी सभा, पुस्तकांआधी प्रार्थना, रेशन घ्यायला उपासनेची हजेरी, हे प्रकार साक्ष बिघडवतात. भुकेला माणूस तुमचं ऐकतो ते भुकेमुळे, आणि पोट भरल्यावर त्याला ते आठवतं. सम्राट ज्युलियन ३६१ ते ३६३ या काळात रोमचा बादशहा होता आणि ख्रिस्ती लोकांचा कडवा विरोधक. त्याने गलतियातल्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहून तक्रार केली की हे गालिली (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणायचा) त्यांच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे. मग त्याने स्वतः गावोगावी धर्मशाळा उभारायचे आणि धान्य वाटायचे हुकूम दिले. विरोधकाने नक्कल करावी, याहून मोठा प्रभाव कोणता? कोणी तुमच्या आशेचं कारण विचारलं तर जरूर सांगा, पेत्राने तेच सांगितलंय, सौम्यतेने आणि आदराने. विचारेपर्यंत थांबा एवढंच. आणि मदत घेणाऱ्याचा चेहरा फेसबुकवर टाकू नका. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर पावती दाखवा.

प्रेमाबरोबर कौशल्य लागतं, या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे. सिसिली सॉन्डर्स ही इंग्लिश बाई आधी नर्स होती. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाली. मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या वेदना तिने जवळून पाहिल्या. नुसती प्रार्थना करून आणि हात धरून ती थांबली नाही. तिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाली. त्या काळी वेदना असह्य झाली की मॉर्फिन द्यायची पद्धत होती. तिने ते ठराविक अंतराने, वेदना उसळायच्या आधी द्यावं हा आग्रह धरला आणि नोंदी ठेवून त्याचा उपयोग दाखवला. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची मिळून असते, ही तिची मांडणी. १९६७ मध्ये लंडनला मरणपंथाला लागलेल्यांची काळजी घेणारं तिचं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू झालं, कोणत्याही श्रद्धेच्या किंवा श्रद्धा नसलेल्या रुग्णासाठी. आज जगभर वेदनाशामक उपचारांची जी शाखा आहे तिची मुळं इथे आहेत. तेव्हा समुपदेशन करायचं असेल तर प्रशिक्षण घ्या. व्यसनमुक्तीचं काम करायचं असेल तर आधी हे शिका की दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या माणसाने ती एकदम सोडली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. तिथे डॉक्टर लागतो. नैराश्यातल्या माणसाला 'तुझा विश्वास कमी पडतोय' असं सांगणारे लोक किती नुकसान करतात याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

तुरुंगसुधारणा करणाऱ्या इंग्लिश एलिझाबेथ फ्रायचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी. १८१३ मध्ये ती लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पहिल्यांदा गेली तेव्हा कपडे घेऊन गेली. १८१७ पासून मात्र पद्धत बदलली: मुलांसाठी शाळा, बायकांना शिवणकाम, देखरेखीला एक बाई, आणि नियम. हे नियम तिने लादले नाहीत. कैदी बायकांसमोर एकेक वाचून मत घेतलं, आणि गटप्रमुखही त्यांच्यातल्याच नेमल्या. ज्या तुरुंगात पहारेकरीही बिचकत जायचे तिथे शिस्त आली. मदत घेणाऱ्याला मत असतं हे मानलं की अर्धी भांडणं होतच नाहीत.

सेवाकार्याच्या बाहेर, रोजच्या नोकरीधंद्यात तर बोलायलाच नको. तिथेच माणसं आपल्याला वाचतात. सतराव्या शतकात घासाघीस हीच रीत असताना क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे दुकानदार एकच भाव सांगायचे, आणि लहान मुलाला पाठवलं तरी फसवणूक होणार नाही असा त्यांचा लौकिक झाला. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नये, हे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार ठरलेल्या तारखेला द्या, आजारपणाच्या सुट्टीचे पैसे कापू नका, मग बायबलवचनाचं स्टेटस ठेवा. आणि फॉरवर्ड! खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा मोबाइललाही लागू आहे. तारीख नाही, मूळ बातमी सापडत नाही, दुसऱ्या समाजाबद्दल राग आणणारा मजकूर आहे, तर पुढे पाठवू नका. चुकून गेलाच तर ज्या ग्रुपवर टाकला त्याच ग्रुपवर दुरुस्ती टाका.

अन्यायाविरुद्ध उभं राहायचं तर दम लागतो. ब्रिटिश खासदार विल्बरफोर्सचा गुलामांचा व्यापार बंद करणारा ठराव संसदेत १७९१ मध्ये १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. १८०७ मध्ये २८३ विरुद्ध १६ ने पार झाला. मधल्या सोळा वर्षांत भाषणांइतकंच काम त्याचा सहकारी क्लार्कसनने बंदरांवर फिरून जमवलेल्या बेड्यांनी, साक्षींनी आणि गुलामांच्या जहाजाच्या नकाशाने केलं. गुलामांच्या कष्टाची साखर घरात आणायची नाही असं ठरवणारी साधी कुटुंबंही त्यात होती, आणि स्वतः गुलामी भोगलेला इक्वियानो गावोगाव बोलत होता. पण ही कथा सांगताना दुसरी बाजू लपवू नका. बार्बाडोस बेटावरचे कॉड्रिंग्टन मळे एका ख्रिस्ती मिशन संस्थेच्या मालकीचे होते आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर संस्थेचं नाव डागलेलं असे. गुलामगिरी संपवणाऱ्या १८३३ च्या ब्रिटिश कायद्याने भरपाई म्हणून दोन कोटी पौंड ठरवले, ते मालकांसाठी. गुलामांना काही नाही. ज्याला हे माहीत नाही तो प्रामाणिक श्रोत्यासमोर दोन मिनिटं टिकणार नाही.

मुलांबरोबर काम असेल तर हे नियम न वाकणारे: कोणताही मोठा माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नसावा, नेहमी दोघं हवेत, नव्या स्वयंसेवकाची दोन ठिकाणी चौकशी, मगच काम, मुलांशी खाजगी चॅट नाही. तक्रार आली तर त्याच दिवशी पोलिसांकडे किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे. मंडळीत 'क्षमा करून' मिटवायचं नाही. क्षमेचा मुद्दा ज्याच्यावर अत्याचार झाला त्याचा आहे, वडीलमंडळाचा नाही.

शेवटी एक राहिलं. तुमच्या भागात ते काम आधीच कोणी करत असेल, मग ते दुसऱ्या धर्माचे असोत वा कुठल्याच नसोत, तर वेगळा तंबू ठोकू नका, त्यांच्यात जा. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलातल्या बंदिवानांना ज्या नगराचं हित पाहायला सांगितलं ते नगर त्यांचं नव्हतंच, आणि सत्ताही त्यांची नव्हती. प्रत्येक समितीत भाषणाला दहा जण तयार असतात. बैठकीचं इतिवृत्त लिहायला, चाव्या सांभाळायला आणि कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलायला माणूस मिळत नाही. ती तीन कामं मागून घ्या.