पाणघोड्यांचा डेक

जिंकण्यासाठी डेक, म्हणजे आपल्या पत्त्यांचा गठ्ठा, बांधणं सोपं असतं. पत्ता कामाचा आहे? ठेवा. नाही? काढा. या न्यायाने कुणीही डेक उभा करू शकतो, आणि अगदीच कंटाळा आला तर कुणीतरी आधीच बांधून ठेवलेला डेक जसाच्या तसा उतरवून घेता येतो. जीव जातो तो गमतीचा डेक बांधताना. गमतीला माप नाही. ‘हा पत्ता काढू का?’ असं विचारलं की एक भिडू म्हणतो, ‘काढ, काडीच्या उपयोगाचा नाही.’ दुसरा म्हणतो, ‘अरे, म्हणूनच तर ठेवायचा!’ आणि पंचाईत अशी की दोघांचंही पटतं.

आमचा खेळ ‘मॅजिक: द गॅदरिंग’, आणि त्यातला प्रकार कमांडर. शंभर पत्त्यांचा डेक. त्यातला एक कमांडर, म्हणजे कुणीतरी नामांकित पात्र, आणि उरलेल्या ९९ पत्त्यांनी त्याच्या दरबारात उभं राहायचं. बेसिक लँड, म्हणजे माना (पत्ते खेळायला लागणारी शक्ती) देणारे साधे पत्ते, सोडले तर सहसा एकही पत्ता दोनदा घ्यायचा नाही, आणि कमांडरकडे नसलेला रंग डेकमध्ये आणायचा नाही. बहुधा चौघं बसतात, प्रत्येकाचं लाइफ ४०, ते संपलं की तो बाद. हा प्रकार मुळात कंपनीच्या डोक्यातून निघालेला नाही. खेळणाऱ्यांनीच पाच बुजुर्ग ड्रॅगनांना सरदारकी देऊन तो सुरू केला आणि कंपनीने त्यासाठी खास डेक बाजारात आणले ते २०११ मध्ये. हौशी माणसांचा उद्योग आहे हा. हौसेला मोल नसतं म्हणतात. नियम मात्र असतात, आणि ते वाचून दाखवणारा एक तरी माणूस प्रत्येक टेबलावर असतो. आमच्या टेबलावरच्याला आम्ही वकीलसाहेब म्हणतो.

मी विषय घेतला पाणघोडे. कारण विचाराल तर फेल्डाग्रिफ. १९९६ च्या ‘अलायन्सेस’ संचातला हा पत्ता: जांभळा, पंख फुटलेला पाणघोडा. त्याच्या नावातली इंग्रजी अक्षरं उलटीपालटी केली की ‘गारफील्ड, पीएच.डी.’ निघतं. रिचर्ड गारफील्ड म्हणजे हा खेळ काढणारा माणूस. खेळ आला १९९३ मध्ये आणि गणितातली डॉक्टरेटही त्याला त्याच वर्षी मिळाली. विद्वानांचे पुतळे होतात, रस्त्यांना नावं दिली जातात. याचा पाणघोडा झाला, आणि मला विचाराल तर त्यालाच जास्त मान मिळाला.

या पाणघोड्याचा स्वभाव ऐका. एक हिरवा माना दिला की तो ट्रँपल करत समोरच्याला तुडवत जातो, पण त्याबदल्यात एका प्रतिस्पर्ध्याला १/१ चा, म्हणजे एक ताकद आणि एक दम असलेला, छोटा पाणघोडा मिळतो. पांढरा दिला की हा उडतो, आणि प्रतिस्पर्ध्याचं लाइफ दोनने वाढतं. निळा दिला की संकटातून निसटून मालकाच्या हातात परत येतो, आणि प्रतिस्पर्धी हवं तर एक पत्ता उचलतो. काहीही करायला जा, भलं दुसऱ्याचंच. आवळा देऊन कोहळा काढणारे पुष्कळ भेटतात. हा कोहळा देतो आणि आवळ्याची चौकशीही करत नाही. असा कमांडर मिळाल्यावर बाकीचे ९९ पत्ते काय, चुटकीसरशी जमतील असं कुणालाही वाटेल.

तर मॅजिकमध्ये गॉब्लिन पोत्याने आहेत. एल्फ, झोंबी, व्हँपायर हवे तेवढे घ्या. पाणघोड्यांचा मात्र कडकडीत दुष्काळ. २००१ चा ‘क्वेस्टिंग फेल्डाग्रिफ’ मिळाला, म्हणजे त्याच पाणघोड्याची पुढची आवृत्ती. ‘अमॉनखेत’ संचात एक-दोन सापडले. आणि मग आमचा ‘बुल हिप्पो’. चार मानांचा, ३/३, अंगात एकच कला, ‘आयलंडवॉक’: समोरच्याकडे आयलंड, म्हणजे बेटाचा लँड, असेल तर याला कुणी अडवू शकत नाही. चित्रकलेतल्या चुका काढणारे लोक असतात तसा मी या पत्त्याकडे बराच वेळ पाहत बसलो. पण यात चूक नाही. खरा पाणघोडासुद्धा आपण समजतो तसा पोहत नाही, पाण्याच्या तळावरून पाय टेकत चालत जातो. तेव्हा प्राणिशास्त्राच्या दृष्टीने पत्ता निर्दोष आहे. खेळाच्या दृष्टीने तो चार माना वाया घालवतो, पण आपण शास्त्र सोडायचं नाही.

दुष्काळावर उपाय म्हणून मी चेंजलिंग आणले. हे रूप बदलणारे प्राणी, आणि नियमाप्रमाणे ते एकाच वेळी सगळ्या जातींचे असतात: एल्फही, ड्रॅगनही, खारही. म्हणजे पाणघोडेही. मी आनंदाने ओळीने मांडले तर वकीलसाहेबांनी एक उचलून उजेडात धरला.

‘यात पाणघोडा कुठे आहे?’

‘नियमात आहे.’

‘चित्रात कुठे आहे? मला तर पक्षी दिसतोय.’

पक्षीच होता तो. पण जो माणूस एरवी अल्पविरामावरून अर्धा तास भांडतो, त्याने ऐन वेळी चित्राचा पुरावा मागावा? मी ‘आर्केन अ‍ॅडॅप्टेशन’ पुढे केला. हा पत्ता टेबलावर ठेवताना एका जातीचं नाव घ्यायचं की आपले सगळे प्राणी त्या जातीचेही होतात. वकीलसाहेब म्हणाले, मग चेंजलिंग हवेतच कशाला? कुठलेही प्राणी घे आणि पाणघोडे म्हण. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी विषय बदलला.

यानंतरचा भाग म्हणजे काटछाट. पाणघोडे मिळत नव्हते हे खरं, पण डेक तरीही शंभराच्या बराच वर गेला होता. हे कसं होतं ते कुणालाच कळत नाही. छत्तीस-सदतीस लँड लागतात, त्यांना हात लावला तर डाव सुरू व्हायच्या आधीच संपतो. ‘सोल रिंग’ काढावी म्हटलं, तिच्यात पाणघोड्याचं काय आहे? पण एक माना देऊन दर पाळीला दोन देणारी ती अंगठी प्रत्येकाच्या डेकमध्ये असते आणि ती नाही म्हटल्यावर लोक तब्येतीची चौकशी करतात. ‘हाउलिंग माइन’ ठेवायलाच हवा, त्याने सगळ्यांनाच दर पाळीला एक जादा पत्ता मिळतो आणि आपण दानशूर दिसतो. राहता राहिला बुल हिप्पो. दर वेळी मोजणी केली की काढण्यालायक पत्ता तो एकच निघायचा. पाणघोड्यांच्या डेकमधून पाणघोडा काढायचा! ‘मग कमांडरच बदल,’ असं एकाने सुचवलं. त्याच्याशी मी काही वेळ बोललो नाही.

भेट द्यायच्या छोट्या पाणघोड्यांची टोकन, म्हणजे पत्त्याऐवजी ठेवायच्या खुणा, मी स्वतः काढली. बटणं, नाणी, फासे ठेवूनही काम भागतं, पण ज्याला भेट द्यायची त्याच्या हाती बटण ठेवणं मला पटत नाही. कागदाचे तुकडे कापले, हिरवा रंग भरला, कान काढले. पाहणाऱ्यांना ती कान फुटलेली उशी वाटली. वाटू दे. स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पाकिटं, घातलेले शंभर पत्ते पिसायला निसर्गाने माणसाला पुरेसे लांब हात दिलेले नाहीत, त्यामुळे तो विधी मी दोन भागांत उरकतो आणि अधूनमधून एखादा भाग जमिनीवरून गोळा करतो.

खेळायला बसण्याआधी ‘तुझा डेक किती ताकदीचा?’ हे विचारायची पद्धत आहे. पूर्वी एक ते दहात उत्तर द्यायचं, आणि जगातला प्रत्येक डेक सातचा असायचा. तिसऱ्या पाळीत सगळ्यांना गारद करणाराही सातचा आणि माझाही सातचा. २०२५ मध्ये त्याऐवजी पाच पायऱ्यांचं वर्गीकरण आलं. त्यातली सगळ्यात खालची पायरी खास माझ्यासारख्यांची: जिंकण्याहून कल्पना मिरवण्यात रस असलेल्यांची. मी अभिमानाने सांगितलं, पहिली पायरी. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. गरीब दिसणाऱ्या डेकचा या खेळात सगळ्यांना जास्त संशय येतो.

तो संशय घालवायचा म्हणून डाव रंगल्यावर मी डावीकडच्या भिडूला तीन पाणघोडे दिले. तीन हिरवे माना खर्चून. फेल्डाग्रिफला एकदा ट्रँपल मिळाल्यावर आणखी दोनदा देऊन तो काही जास्त तुडवत नाही, पण माझा हेतू शुद्ध होता: याने माझ्यावर चाल करू नये. त्याने माझी चित्रं हातात घेतली, ‘वा, छान काढलीत’ म्हणाला, आणि मला बरं वाटतंय तोवर ती ‘अ‍ॅशनॉड्स ऑल्टर’वर बळी दिली. ही वेदी एका प्राण्यामागे दोन माना देते. म्हणजे मी एक माना देऊन पाणघोडा घडवायचा आणि याने तो मारून दोन माना कमवायचे. शिवाय त्याच्याकडे ‘ब्लड आर्टिस्ट’ होता. कुठलाही प्राणी मेला की तो एकाचं लाइफ एकने कमी करतो आणि मालकाचं एकने वाढवतो. ते एकाचं म्हणजे कुणाचं, हे तो ठरवणार होता.

‘माझं? अरे, पाणघोडे मी दिले तुला!’

‘हो ना. तूच दिलेस म्हणून तुलाच.’

माझे तीन माना गेले, तीन लाइफ गेलं, आणि त्याच्याकडे सहा माना जमले. त्या सहांतून त्याने जे टेबलावर उतरवलं त्याने आम्ही तिघंही आटोपलो. हाउलिंग माइनने सगळ्यांना सारखंच वाटलं होतं, पण सारखं वाटलं की ज्याचा डेक आधीच भारी त्याचं फावतं. उजवीकडचा माझ्यावर जास्त चिडला होता. ज्याने मारलं त्याच्यावर नाही. ‘तू नसतास तर मी अजून खेळत असतो,’ म्हणाला. गमतीचा डेक नेमका कुणाच्या गमतीसाठी, हे आधी सांगत जा अशी त्याची मागणी आहे. यातला एक मुद्दा मला मान्य आहे. बुल हिप्पो हातात असता आणि समोर आयलंड असतं, तर चित्र वेगळं असतं.

आता नवा डेक सुरू आहे: ज्या पत्त्याच्या चित्रात कुणीतरी खुर्चीवर बसलंय, तेवढेच पत्ते. जाती नाहीत, चेंजलिंग नाहीत, जे डोळ्यांना दिसेल तेच. या वेळी वकीलसाहेबांना आक्षेपाला जागाच ठेवायची नाही असं ठरवून मी सुरुवातीलाच भिंग आणलं आणि त्यांनाही बसवलं. सिंहासन एकमताने पास झालं. बाकावर दोन दिवस वाद चालला, मग पाठ असेल तर चालेल असं ठरलं. सध्या एक म्हातारा जादूगार आमच्यासमोर आहे. तो झाडाच्या बुंध्यावर टेकलाय, बुंधा तासलेला आहे, आणि वकीलसाहेब विचारतायत, तासला कुणी आणि कोणत्या हेतूने?