करवंट्या कोण भरणार?

वसतिगृहात मारामारी झाली, मोठ्या पोरांनी लहानग्यांना छळलं, अशी बातमी आली की मराठवाड्यात लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, छडी गेली तसा धाक गेला, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मास्तरांचे हात बांधून ठेवले. दुसरा म्हणतो, लेकरं मुळात निर्मळ असतात, त्यांना मोकळं सोडा. तिकडं इंग्लंडात असाच वाद निघाला की विल्यम गोल्डिंगची १९५४ सालची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ हटकून पुढं येते. दहावीच्या वयाच्या मुलांना ती परीक्षेसाठी नेमलेली असते, त्यामुळं गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. युद्धाच्या धामधुमीत विमान कोसळतं, निर्जन बेटावर एकही मोठं माणूस उरत नाही, आणि पाहता पाहता शाळकरी मुलांच्या हातून दोन मुलं मारली जातात. मग लोक म्हणतात, माणूस आतून जनावरच, धाक हवाच.

कादंबरी बारकाईनं वाचली तर हे पटत नाही. या मुलांना धाक कमी पडला नव्हता. त्या काळी इंग्लंडच्या शाळांत वेत सर्रास चालत होता. सरकारी शाळांत तो १९८७ मध्ये बंद झाला, खासगी शाळांत थेट १९९९ मध्ये. गोल्डिंग स्वतः सॉल्झबरीच्या शाळेत मास्तर होते, मुलांना रोज पाहत होते. त्यांच्या कादंबरीतला रॉजर सुरुवातीला छोट्या हेन्रीच्या दिशेनं दगड फेकतो, पण मुद्दाम नेम चुकवतो. हेन्रीभोवती सहाएक यार्डांचं रिंगण तो मोकळं सोडतो, कारण आईबाप, शाळा, पोलीस यांचा वचक अजून त्याच्या हातात शिल्लक आहे. पुढं हाच रॉजर कड्यावरून धोंडा ढकलून पिगी नावाच्या मुलाचा जीव घेतो. वचक बाहेरून आलेला होता, तो बाहेरच्या माणसांबरोबर विरून गेला.

मग मोडलं काय? पाचव्या प्रकरणातली सभा बघा. शंख ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं, असा या मुलांचा नियम. त्यांनी निवडलेला पुढारी राल्फ शंख हातात घेऊन तक्रारी मोजतो, आणि त्या सगळ्या घरकामाच्या आहेत. ओढ्याचं पाणी नारळाच्या करवंट्यांत भरून पानांखाली झाकून ठेवायचं ठरलं होतं. चार दिवस चाललं, आता करवंट्या कोरड्या. पहिली झोपडी सगळ्यांनी मिळून बांधली, दुसरी चौघांनी, तिसरी राल्फ आणि सायमन या दोघांनीच, म्हणून तीच सगळ्यात लटपटती. शौचाला भरतीचं पाणी धुऊन नेईल अशा खडकांवर जायचं होतं, तर पोरं वाटेल तिथं बसायला लागली. ठराव सगळ्यांनी मिळून केले होते. पण अमुक दिवशी अमुक मुलानं करायचं, हे कुणीच ठरवलं नाही. खूनखराबा फार पुढचा, ही पडझड त्याच्या आधीची आहे.

त्याहून जिव्हारी लागतं ते मोजणीचं. जहाजांना धूर दिसावा म्हणून पहिल्याच दिवशी पेटवलेली शेकोटी हाताबाहेर जाते, रान पेटतं, आणि चेहऱ्यावर तांबडा डाग असलेलं एक लहान लेकरू त्यानंतर कुणालाच दिसत नाही. पिगीनं नावं लिहून घ्यायचा प्रयत्न केला होता, पण लहानगी एका जागी थांबेनात. यादीच नाही, तर कोण हरवलं ते कसं कळणार? पुढं जहाज दिसतं तेव्हा धूर विझलेला असतो, कारण जाळ राखायला बसवलेल्या जुळ्या भावांनाच शिकाऱ्यांच्या म्होरक्यानं, जॅकनं, शिकारीला नेलेलं असतं.

जॅकची पोरं मुळात वेगळी येतात. दोन रांगांत, काळे झगे घालून, त्याच्या हुकमात चालणारं ते चर्चचं गायकपथक. बाकीची मुलं एकेकटी, ही मात्र तयार टोळी. आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला वेळ लागू नये. ऊसतोडीच्या मुकादमाच्या हातात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम असते, तसं जॅकच्या हातात डुकराचं मांस आहे. ज्याच्या हातून घास मिळतो त्याच्या मागं पोरं जातात. आणि शंखाचा नियम डोंगरावर चालत नाही, असं जॅक दुसऱ्याच प्रकरणात बोलून टाकतो. तेव्हाच त्याला अडवायला हवं होतं.

याउलट प्रशांत महासागरातल्या टोंगा देशाची खरी हकीकत. १९६५ मध्ये बोर्डिंगमधली सहा मुलं होडी घेऊन पळाली, वादळात भरकटली आणि आटा नावाच्या ओसाड बेटाला लागली. १९६६ च्या सप्टेंबरात, पंधरा महिन्यांनी, सगळी जिवंत सापडली. दोघादोघांच्या जोड्या, कामाच्या पाळ्या, पोखरलेल्या खोडांत साठवलेलं पावसाचं पाणी, विझू न दिलेला जाळ. भांडण झालं की दोघांनी दोन टोकांना जायचं आणि डोकं शांत झाल्यावर परत यायचं. एकाचा पाय मोडला तर इतरांनी काठ्या बांधून तो जुळवला. पण एवढ्यावरून ‘मुलं मुळात चांगलीच’ म्हणणंही घाईचं ठरेल. ती सहाच होती, ओळखीची होती, त्यांच्यात सहा वर्षांचं कुणी नव्हतं.

आपल्या वसतिगृहांत मात्र असतात. बीडकडचे आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात, लेकरं गावच्या हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीपाशी राहतात. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृह योजना आली, एका वसतिगृहात शंभर जागा. शंभर लेकरांना एक गृहपाल छडीनं धरून ठेवू शकत नाही, आणि नुसत्या मायेनंही त्याला ते जमायचं नाही.

एका वाडीची सगळी पोरं एका खोलीत घालू नयेत, नाहीतर आयती टोळी तयार होते. एक मोठा, एक लहान अशा जोड्या कराव्यात आणि पाणी, झाडलोट, संडासाची सफाई यांच्या पाळ्या नावानिशी भिंतीवर लावाव्यात. ‘सगळ्यांनी मिळून’ असं लिहिलं की आठवड्यात कोणीच करत नाही. वाढपाचं काम मॉनिटरकडं नको, जॅकचं मांस ध्यानात ठेवावं. तक्रार ऐकणारं माणूस गृहपालाहून वेगळं असावं. बैठक दिवस मावळायच्या आत उरकावी. राल्फ सभा संध्याकाळी उशिरा घेतो, अंधार पडतो आणि बोलणं कामावरून भुताखेतांवर घसरतं. चूक त्याला कळते, पण तोवर लहानगी रडायला लागलेली असतात.

दिवाळी झाली की ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या निघतात. लेकराला सोडायला आलेल्या आईनं त्याच दिवशी गृहपालाला विचारावं: रात्री मोजणी कोण करतं, किती वाजता, आणि एक कमी भरलं तर पहिला फोन कुणाला जातो?