देऊळ आणि समुद्र वेगळे काढता येत नाहीत

सप्रेम नमस्कार. ग्रीसच्या सहलीवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात आणि जे पटले नाही ते स्पष्टपणे लिहिलेत, याबद्दल मी आपला आभारी आहे. व्हिसाची खटपट आणि एवढा खर्च करून गेल्यावर दहा दिवसांत केवळ चार प्राचीन स्थळे पाहायची आणि दुपारी समुद्रावर बसून राहायचे, ही वेळेची उधळपट्टी आहे, असे आपले मुख्य म्हणणे आहे. एजियन समुद्रातल्या डेलॉस या प्राचीन अवशेषांच्या बेटाचे मी वाजवीपेक्षा जास्त कौतुक केले, हा आपला दुसरा आक्षेप. दुसरा मला बराचसा मान्य आहे. पहिला मान्य नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर सांगतो.

अ‍ॅक्रोपोलिसवर, म्हणजे अथेन्समधल्या प्राचीन देवळांच्या टेकडीवर, सावली जवळजवळ नाही आणि पायांखालचा दगड लाखो पावलांनी गुळगुळीत झालेला आहे. अलीकडच्या उन्हाळ्यांत उष्णतेची लाट आली, की ते भर दुपारी काही तास बंद ठेवावे लागले आहे. २०२३ पासून तिथे वेळ ठरवून प्रवेश देतात आणि दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे. म्हणून सकाळी आठची वेळ घ्यावी आणि त्या दिवशी दुसरे स्थळ ठेवू नये, असे मी लिहिले होते. तिथल्या पार्थेनॉन या मुख्य देवळाच्या खांबांवर मधाच्या रंगाच्या जुन्या संगमरवरात मध्येच पांढरेशुभ्र तुकडे बसवलेले दिसतात. हा नवा दगडही त्याच पेंटेली डोंगरातला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी डागडुजी करताना वापरलेले लोखंड गंजून फुगले आणि त्याने प्राचीन दगडालाच तडे पाडले. १९७५ पासून चाललेल्या कामात ते लोखंड काढून त्या जागी टायटॅनियम घातले जात आहे. ज्याला अकरा वाजता पुढच्या स्थळाची बस गाठायची आहे, त्याला हे तुकडे दिसतात, पण ते तिथे का आहेत हे विचारायला त्याच्याकडे वेळ उरत नाही. एका दिवसात तीन स्थळे मीही पूर्वी पाहिली आहेत. त्यांची छायाचित्रे माझ्याकडे आहेत, आठवण मात्र फारशी नाही.

आता समुद्राबद्दल. आपण त्याला विश्रांतीच्या खात्यात टाकलेत, आणि माझा खरा मतभेद इथेच आहे. अथेन्सपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, अ‍ॅटिकाच्या दक्षिण टोकाला, सूनिओनच्या कड्यावर पोसायडन या समुद्रदेवाचे देऊळ आहे. त्याच्याच पायथ्याशी लहानसा किनारा आहे. आम्ही आधी खाली पाण्यात उतरलो आणि गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून वर पाहिले, तेव्हा ते देऊळ तिथेच का बांधले असेल हे कोणी सांगावे लागले नाही. एजियन समुद्रातून घरी परतणाऱ्या खलाशाला ते आपल्या मुलखाची खूण म्हणून दिसत असणार. इ. स. पू. ४१२ च्या सुमारास अथेन्सने या टोकाला तटबंदी केली, ती धान्याची जहाजे सुखरूप वळसा घालून यावीत म्हणून. जवळच लाव्हरिओच्या चांदीच्या खाणी आहेत. त्या चांदीतूनच अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने उभारलेले आरमार इ. स. पू. ४८० मध्ये सालामिसला पर्शियनांशी लढले. नंतर वर चढून गेल्यावर खांबांवरच्या उभ्या पन्हळी पाहिल्या. डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक घडणीच्या, खांबाला त्या सहसा वीस असतात, इथे सोळाच आहेत; खाऱ्या वाऱ्याने दगडाची झीज कमी व्हावी म्हणून तसे केले असावे, असे मानतात. केसांत मीठ वाळत असताना हे ऐकले, की ते वेगळेच पटते.

किनाऱ्यावर जायचे तर आरामखुर्च्यांचे भाडे भरावेच लागते, असेही आपण ओघात लिहिले आहे. तसे नाही. ग्रीसमधील समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत. २०२३ मध्ये पारोस बेटावरील रहिवाशांनी खुर्च्या-छत्र्यांच्या अतिक्रमणाविरुद्ध टॉवेल हातात घेऊन आंदोलन केले, आणि २०२४ च्या कायद्याने भाड्याने दिलेल्या किनाऱ्याचा किमान ७० टक्के भाग मोकळा ठेवणे बंधनकारक झाले. आपला टॉवेल घेऊन मोकळ्या भागात बसण्याचा प्रत्येकाला हक्क आहे आणि त्यासाठी सहसा एक युरोही मोजावा लागत नाही.

डेलॉसबाबत मात्र चूक माझीच आहे. आपल्या आईंना तिथे उन्हाचा त्रास झाला आणि अर्ध्या वाटेतून परतावे लागले, हे वाचून मला मनापासून वाईट वाटले. त्या बेटावर झाडे जवळजवळ नाहीत, मुक्काम करता येत नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी वारा जोरात असला, की मिकोनोसहून अर्ध्या तासावर असूनही नाव सुटत नाही. हे सारे मला ठाऊक होते, तरी अपोलो या ग्रीक देवाचे जन्मस्थान आणि संगमरवरी सिंह यांच्याविषयी लिहिण्याच्या भरात ते राहून गेले. उघड्यावर उभे असलेले सिंह प्रतिकृती आहेत आणि मूळ सिंह संग्रहालयात आहेत, हेही मी सांगायला हवे होते. ज्या बेटावर इ. स. पू. ४२६ मध्ये अथेन्सने जन्म आणि मृत्यू दोन्हींना बंदी घातली, तिथल्या गल्ल्या, पाण्याच्या टाक्या आणि घरांतली मोझेइक जमीन मला आजही खुणावते. पण ती ओढ माझी आहे. सत्तरीच्या माणसाला तिथे पाठवताना ती पुरेशी नाही.

लेखात आता ही दुरुस्ती केली आहे: डेलॉसला पहिल्या नावेने जावे, पाणी आणि टोपी न विसरता न्यावी, आणि ज्येष्ठांनी एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडावा. आईंना पुन्हा जायचे असेल, तर ज्यांना चढ चढता येत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅक्रोपोलिसवर उद्वाहक आहे. त्याची चौकशी निघण्याआधीच करून ठेवावी.