'एनडीआरएफ येतंच, मग आपत्ती व्यवस्थापन अधिकारी कशाला?'

गोदावरीला पाणी वाढलं की नाशिकच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरू लागतो: 'बुडणाऱ्याला जीवरक्षक काढतात, आग अग्निशमन दल विझवतं, मोठं काही झालं तर एनडीआरएफ येतं. आपत्ती व्यवस्थापन अधिकारी नुसते इशारे पाठवतात. पदं बंद करा.'

एनडीआरएफ, म्हणजे केंद्राचं आपत्ती प्रतिसाद दल, येतं, पण पुण्याहून. त्यांना कधी बोलवायचं, बोटी आधी चांदोरीला की सायखेड्याला या नदीकाठच्या गावांपैकी कुठे, माणसं कोणत्या शाळेत हलवायची, हे कुणीतरी उन्हाळ्यातच ठरवून ठेवावं लागतं.

'नुसते इशारे' म्हणणाऱ्यांनी तो इशारा कसा ठरतो ते बघावं. गंगापूर धरणाचा विसर्ग तेवढाच असला तरी धरणाखाली आणि शहरात पाऊस चालू असेल तर नदी जास्त चढते. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या, ज्यावरून नाशिककर पूर मोजतात त्या मूर्तीच्या, कमरेला पाणी लागलं की ते सगळ्यांनाच दिसतं. गोदाघाटावरच्या टपऱ्या आणि गाड्या मात्र त्याच्या कितीतरी आधी हलवाव्या लागतात. लवकर सांगितलं आणि पाणी आलं नाही, तर व्यापारी चिडतात. उशीर झाला, तर ठपका याच अधिकाऱ्यावर.

'कलेक्टर आहेतच की.' २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच आहेत, हे खरं. पण त्यांच्याकडे अख्खा जिल्हा असतो आणि त्यांची बदली होते. पोलीस, पाटबंधारे, महापालिका यांना वर्षभर एकत्र बसवणारा माणूस वेगळा लागतो. त्याला यांपैकी कुणालाच हुकूम देता येत नाही आणि पद बरेचदा कंत्राटी असतं. राग काढायचाच तर यावर काढा.

'काही घडलंच नाही, मग यांनी केलं काय?' हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. २७ ऑगस्ट २००३ ला, कुंभमेळ्यात, सरदार चौकाजवळच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. अरुंद उतारावर गर्दी एकदा दाटली की मागच्यांना पुढचं दिसत नाही आणि मदतीला आत शिरायला वाट उरत नाही. तिथे जीव वाचतात ते आधीच: जायची-यायची वाट वेगळी ठेवून, लोंढा वाहनतळावरच थोपवून. २०१५ च्या कुंभात तशी दुर्घटना झाली नाही. ते आपोआप घडलं, असं समजणं हे नियोजन करणाऱ्या माणसांवर अन्याय आहे.

आता २ ऑगस्ट २०२७ ला पुढच्या कुंभाचं पहिलं अमृतस्नान (पूर्वीचं शाहीस्नान) आहे, भर पावसाळ्यात. धरणाचा दरवाजा कधी उघडायचा आणि रामकुंडाकडे स्नानाला येणाऱ्यांचा ओघ कुठे थांबवायचा, हे त्या दिवशी एकाच टेबलावर ठरावं लागेल. गर्दी थांबवायचा अधिकार कुणाचा, हे लेखी ठरलंय का आणि ते पद कायम होणार का, हे महापालिकेला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला आत्ताच विचारा.