कीबोर्डचा आवाज बंद ठेवून बँडमधे टिकलेला मुलगा

रेडिओहेड ह्या इंग्लिश रॉक बँडचा विषय निघाला की दहातले नऊ जण 'क्रीप' ह्या त्यांच्या हिट गाण्यापासून सुरुवात करतात, मी एका बंद कीबोर्डपासून करतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

इंग्लंडमधे ऑक्सफर्डला लागून ॲबिंग्डन म्हणून गाव आहे. तिथल्या मुलांच्या शाळेत (जुनी, खासगी, फी भरून शिकायची शाळा) १९८५ मधे एक बँड जमला. गायला आणि गिटारवर थॉम यॉर्क, बेसवर कॉलिन ग्रीनवूड, दुसऱ्या गिटारवर एड ओब्रायन, ड्रम्सवर फिल सेल्वे. शाळेच्या म्युझिक रूममधे शुक्रवारी प्रॅक्टिस असायची म्हणून बँडचं नाव काय ठेवलं, तर 'ऑन अ फ्रायडे'. म्हणजे आपल्याकडे 'शुक्रवारी'. बास, एवढंच. ह्याच्याइतकं आळशी नाव मी अजून ऐकलेलं नाही आणि ते सहा-सात वर्षं चाललं.

तर कॉलिनला एक धाकटा भाऊ होता, जॉनी. सगळ्यांत लहान, दादाच्या मागे मागे फिरणारा, काहीही करून ह्यांच्यात घुसायचंच असा हट्ट. बँडमधे आधी एक कीबोर्डवाला होता पण तो इतका जोरात वाजवायचा की बाकीच्यांचं त्याच्याशी पटेना, आणि जॉनीला चान्स मिळाला. आता हा पठ्ठ्या काय करतो, तर कीबोर्डसमोर उभा राहून पहिलं काम म्हणजे आवाजच बंद करून टाकतो. बाकीच्यांचा गोंगाट एवढा असायचा की कुणाला पत्ताच नाही. असं एक-दोन दिवस नाही, कित्येक महिने! आरतीला शब्द येत नसलेला माणूस कसा नुसते ओठ हलवत टाळ्या वाजवतो आणि 'जय देव जय देव' आलं की जोर लावतो, तसं, फक्त ह्याने 'जय देव'लासुद्धा तोंड उघडलं नाही. आणि वरून थॉम त्याला सांगतो, तू काय वाजवतोस ते नीट ऐकू येत नाही पण तू वाजवत नसलास की मला लगेच कळतं, तुझ्यामुळे काहीतरी भारी टेक्स्चर येतंय. हा मनात म्हणतोय, अरे मी वाजवतच नाहीये बाबा. संध्याकाळी घरी जाऊन कॉर्ड्स शिकायच्या आणि मग पुढच्या काही महिन्यांत जपून जपून एकेक घर आवाज वाढवत न्यायचा. हे सगळं जॉनीने स्वतःच मुलाखतीत सांगितलंय.

लोक हा किस्सा जोक म्हणून शेअर करतात. मला तो जोक वाटतच नाही. चार जणांच्या गोंगाटात महिनोन्महिने न वाजवता उभं राहणं म्हणजे महिनोन्महिने नुसतं ऐकणं, कोण कुठे थांबतो, कुठे जागा रिकामी आहे, कुठे आधीच गर्दी झालीय. एवढी ट्रेनिंग कुठल्या क्लासमधे मिळते सांगा.

आमचाही एक बँड होता, गॅदरिंगपुरता. पाच जण आणि पाचही जणांना लीड वाजवायचं होतं. प्रत्येकाने आपला अँप फुल केलेला, मग ड्रमवाला अजून जोरात हाणणार, मग गाणाऱ्याला काही ऐकू येईना म्हणून तो ओरडणार. तिसऱ्या रिहर्सलला "तू आवाज कमी कर" "नाही, आधी तू कर" ह्याच्यावरून जे फाटलं ते फाटलंच. मी स्वतः सगळ्यांत मोठा गुन्हेगार होतो, आज कबूल करून टाकतो.

बरं, ह्यांची शाळा काही फार लाड करत नव्हती. रविवारी शाळेची खोली प्रॅक्टिसला वापरली म्हणून हेडमास्तरांनी बँडला चक्क बिल पाठवलं होतं, हे कॉलिन सांगतो. पण खोली होती, वाद्यं होती, शास्त्रशुद्ध शिकवणारे संगीतशिक्षक होते, हे विसरून 'शून्यातून उभे राहिले' वगैरे लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. शून्य वगैरे काही नव्हतं. शाळेत व्हायोला (व्हायोलिनसारखंच, जरा मोठं वाद्य) शिकलेला आणि युथ ऑर्केस्ट्रात वाजवलेला जॉनीच पुढे बँडसाठी तंतुवाद्यांच्या ओळी लिहितो, त्याचं मूळ तिथेच आहे.

१९८७ मधे ऑक्सफर्डच्या जेरिको टॅव्हर्न नावाच्या पबमधे पहिला शो झाला आणि मग शाळेचे सगळे बँड जिथे मरतात तो टप्पा आला, कॉलेज. थॉम एक्सेटरला, कॉलिन केंब्रिजला, एड मँचेस्टरला, फिल लिव्हरपूलला, जॉनी अजून शाळेतच. तेव्हा ना मोबाईल ना व्हॉट्सॲप ग्रुप. वीकेंडला आणि सुट्ट्यांमधे घरी आले की भेटायचं, वाजवायचं, परत जायचं. असं जवळपास चार वर्षं. नवीन गावात नवीन मित्र मिळाल्यावर, त्यात भारी वाजवणारे मित्र मिळाल्यावर शाळेतल्या त्याच त्याच चार टाळक्यांकडे परत यायला काय लागतं मला खरंच माहीत नाही. माझा अंदाज असा की जिथे आपण न वाजवतासुद्धा चालून जातो अशी जागा एकदाच मिळते.

१९९१ मधे सगळे परत ऑक्सफर्डला जमले. कॉलिन एका रेकॉर्डच्या दुकानात कामाला लागला आणि तिथे येणाऱ्या ईएमआय ह्या रेकॉर्ड कंपनीच्या सेल्सवाल्याच्या हातात त्याने डेमो टेप दिली. त्याच वर्षाच्या शेवटी सहा अल्बमचं काँट्रॅक्ट. कंपनी म्हणाली आधी ते नाव बदला (सुज्ञ लोक!), तर टॉकिंग हेड्स ह्या अमेरिकन बँडच्या एका गाण्यावरून 'रेडिओहेड' उचललं. जॉनीने पॉलिटेक्निकला नुकतीच ॲडमिशन घेतली होती, ती काही आठवड्यांत सोडली. मे १९९२ मधे पहिली ईपी (मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड) आली, 'ड्रिल', आणि ब्रिटनच्या चार्टवर नंबर आला १०१. म्हणजे टॉप १०० एका नंबराने हुकलं. हसू येतं पण त्यांना तेव्हा काय वाटलं असेल.

आता 'क्रीप'. रिहर्सलला हे गाणं सहज वाजवलं आणि थॉम गमतीत म्हणाला हे आमचं स्कॉट वॉकरचं (हा आधीच्या पिढीतला गायक) गाणं, तर अमेरिकन प्रोड्युसर्सना खरंच वाटलं की हे स्कॉट वॉकरचंच गाणं आहे, अरेरे, ह्यांचं सगळ्यात चांगलं गाणं दुसऱ्याचं निघालं! नंतर कळलं की ह्यांचंच आहे. (गंमत म्हणजे ते पूर्ण ह्यांचंही नव्हतं, चाल 'द एअर दॅट आय ब्रीद'ला इतकी जवळ होती की त्या गाण्याच्या दोन्ही लेखकांची नावं पुढे क्रेडिटमधे घालावी लागली.) कोरसच्या आधी गिटारचा तो 'खर्रक खर्रक' आवाज येतो ना, तो जॉनीचा. त्याला गाणं फार मिळमिळीत वाटलं म्हणून तो बिघडवायला निघाला होता, असं एडच सांगतो. वर्षानुवर्षं गप्प बसायला शिकलेला माणूस एकदाच दणका देतो आणि आज तीस वर्षांनी सगळ्यांना तेवढाच आठवतो. ह्यात माझं अख्खं म्हणणं आलं खरं तर, पण पोस्ट चालू ठेवतो.

सप्टेंबर १९९२ मधे 'क्रीप'चा सिंगल (अल्बमबाहेर सुटं विकलेलं गाणं) आला आणि आपटला, ७८ नंबर. बीबीसी रेडिओ वनला ते फारच डिप्रेसिंग वाटलं. मग इस्रायलच्या रेडिओवर चाललं, अमेरिकेत चाललं, आणि १९९३ मधे परत रिलीज केल्यावर स्वतःच्या देशात सातव्या नंबरला. घरच्यांनी ओळखायच्या आधी परक्यांनी ओळखलं, नेहमीचंच.

ह्या हिटने त्यांना जवळपास संपवलं होतं. शोला लोक 'क्रीप' ऐकायला यायचे आणि ते झालं की निघायचे. ह्याचा राग काढायला त्यांनी 'माय आयर्न लंग' लिहिलं, श्वास चालू ठेवणाऱ्या मशिनवर एक गाणं, म्हणजे जगवतंय पण हलू देत नाही. १९९५ मधे 'द बेंड्स', १९९७ मधे 'ओके कॉम्प्युटर', ह्यांच्याबद्दल इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. दोन्ही अल्बम महान आहेत, पुढे चला.

मला जिथे थांबायचंय तो म्हणजे त्यापुढचा अल्बम, 'किड ए'. 'ओके कॉम्प्युटर'च्या टूरनंतर थॉम पार पिळून निघाला होता, लिहिता येईना, गिटार हातात धरवेना. १९९९ च्या जानेवारीत पॅरिसमधे रेकॉर्डिंग सुरू झालं, मग कोपनहेगन, मग परत इंग्लंड, महिने चालले पण गाणी काही होईनात. एडला वाटत होतं की तीन मिनिटांची सुटसुटीत गिटारची गाणी करूया. थॉम आणतोय सिंथेसायझर आणि ड्रम मशीन. तीन गिटारवाले असलेल्या बँडमधे गिटारच नको, ड्रमर आहे पण ड्रम्स मशीन वाजवणार. इथे दुसरा कुठलाही बँड फुटला असता आणि हेही फुटायच्या बेतात आलेच होते. मग त्यांनी एक गोष्ट मान्य केली, प्रत्येक गाण्यात प्रत्येकजण असायलाच पाहिजे असं नाही. जगातला एक मोठा बँड, वय तिशीचं, प्रत्येकाचा इगो तेवढाच मोठा, आणि स्टुडिओत बसून म्हणायचं की ह्या गाण्यात माझं काम नाही. जॉनीने शाळेत जे केलं ते आता सगळ्यांच्या वाट्याला आलं!

त्यातलं 'द नॅशनल अँथम' ऐका. अख्खं गाणं एका बेसच्या ओळीवर उभं आहे, आणि ती वाजवलीय थॉमने, बेसिस्ट कॉलिनने नाही. ती ओळ थॉमला सुचली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, म्हणजे शाळेतलीच. आणि 'इडिओटेक'साठी जॉनीने सिंथेसायझरवर जवळपास पन्नास मिनिटं काहीबाही रेकॉर्ड करून थॉमच्या हातात दिलं, त्यातला एक मिनिटाहूनही छोटा तुकडा थॉमला सापडला आणि त्याचं गाणं झालं. बाकीची सगळी मिनिटं गेली. ह्यावर कुणी रुसल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. ऑक्टोबर २००० मधे अल्बम आला, एकही सिंगल नाही, नेहमीचे व्हिडिओ नाहीत, तरी अमेरिकेत पहिला नंबर.

२००७ मधे ईएमआयचं काँट्रॅक्ट संपलेलं असताना 'इन रेनबोज' स्वतःच्या वेबसाईटवर टाकून 'किंमत तुम्ही ठरवा' म्हणाले, ते सगळ्यांना माहीत आहे. पण मला त्याहून मोठं हे वाटतं की १९९१ च्या त्या काँट्रॅक्टपासून आजपर्यंत माणसं तीच पाच आहेत, शाळेतलीच. एकही बदललेला नाही. २०१८ नंतर सात वर्षं स्टेजवर एकत्र आले नव्हते आणि २०२५ च्या नोव्हेंबरमधे माद्रिदला परत उभे राहिले, तेच पाच.

ज्यांना हे सगळं फारच साहेबी वाटत असेल त्यांनी 'जुनून' ऐका. २०१५ चा अल्बम, जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात रेकॉर्ड झालेला, कव्वाली, नगारे, बँडबाजातली पितळी वाद्यं, सगळा दंगा. नावांचा क्रम पण बघा, आधी शाय बेन झूर (इस्रायली संगीतकार), मग जॉनी ग्रीनवूड, मग राजस्थान एक्सप्रेस (भारतीय वादक-गायकांचा ताफा). मी केवळ जॉनीसाठी हेडफोन लावून बसलो होतो, आणि पहिल्या दोन गाण्यांत तो नक्की कुठे वाजवतोय तेच मला सापडेना.