पायाचे अंगठे पकडायची एवढी घाई कुणाला आहे?

योगात पायाचे अंगठे पकडता येण्याला जेवढा भाव दिला जातो, तेवढी त्या गोष्टीची लायकी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मी ताठ अंगाचा माणूस. उभ्याने वाकलो की हात गुडघ्याच्या जरासे खाली जाऊन थांबतात. मांडी घातली की गुडघे इतके वर राहतात की समोरच्याला वाटावं, हा आता उठून निघालाच. तरीही मी नेमाने आसनं करतो. हे कळलं की लोक एक तर हसतात, नाही तर विचारतात, "मग उपयोग काय?" हसणाऱ्यांचं मला काही नाही. ही पोस्ट विचारणाऱ्यांसाठी आहे, आणि त्याहून जास्त "आधी अंग जरा मोकळं होऊ दे, मग क्लास लावतो" म्हणत वर्षानुवर्षं थांबलेल्यांसाठी. अंग कशाने मोकळं होणार, ते यातला एकही जण सांगत नाही.

हा समज आला कुठून, याचंच मला नवल वाटतं. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर मोजून तीन सूत्रं आहेत, दुसऱ्या पादातली ४६ ते ४८. आसन स्थिर आणि सुखाचं असावं, प्रयत्नाचा ताण सैल सोडावा, म्हणजे मग थंडी-ऊन, सुख-दुःख अशा जोड्यांचा त्रास होत नाही. झालं. कुठे वाका, काय पकडा, कपाळ कशाला टेकवा, याबद्दल अवाक्षर नाही. पुढे साधारण पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिका या हठयोगावरच्या ग्रंथात १५ आसनं येतात आणि त्यातली बरीचशी बसून करायची आहेत. आज मोबाइलवर दिसतो तो उभ्याने करायच्या आसनांचा पसारा मुख्यतः विसाव्या शतकात वाढला. (यावर अभ्यासकांनी खुशाल भांडावं. मी कमेंटमध्ये भांडणार नाही.)

योगगुरू बी. के. एस. अय्यंगार म्हटलं की लोकांना त्यांचे ते थक्क करणारे फोटो आठवतात. पण १९१८ साली जन्मलेला हा माणूस लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा आजारांनी पार खंगलेला होता. म्हैसूरला बहिणीचे यजमान टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे शिकायला सुरुवात केली तेव्हा त्यांचंही अंग ताठच होतं. नंतर पुण्यात शिकवताना त्यांनी लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, लोड, खुर्च्या अशी साधनं आसनांत आणली. ज्याचा हात जमिनीला पोचत नाही, त्याच्या हाताखाली जमीनच वर आणून द्यायची. इतकी साधी सोय, आणि तरी अजून कित्येक क्लासांमध्ये ठोकळा मागितला की "त्याची सवय लागेल हं" असं ऐकायला मिळतं. लागू दे की! चष्म्याचीही लागते.

आता मुद्द्याचं. पश्चिमोत्तानासन, म्हणजे बसून पुढे वाकायचं आसन घ्या, कारण आमच्यासारख्यांची सगळ्यात जास्त शोभा तिथेच होते.

पाय समोर पसरून जमिनीवर बसा. ताठ माणूस असा बसला की त्याची कंबर आपोआप मागे कलते, पाठीला पोक येतो आणि वजन बैठकीच्या हाडांवरून माकडहाडाकडे सरकतं. याचं कारण आळस नसतो. मांडीच्या मागचे स्नायू वरून बैठकीच्या हाडाला आणि खालून गुडघ्याच्या पलीकडे जोडलेले असतात. ते आखडलेले असले, की गुडघा सरळ करताच कमरेचा सगळा सांगाडा मागे ओढला जातो. अशा अवस्थेत "चला, आता पुढे वाका" म्हटलं की खुब्यातून काहीच हलत नाही. मग वाकतं काय? कमरेचे मणके. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं डोकं बरंच खाली आलं, शाब्बास. आत मणक्यांमधल्या चकत्यांवर नको तिथे दाब आलेला असतो, आणि ज्या स्नायूला ताण मिळायला हवा होता तो होता तिथेच.

आता दोन ब्लँकेटच्या घड्या घालून चार-पाच बोटं उंचीची बैठक करा आणि तिच्या अगदी कडेवर बसा. गुडघे थोडे वाकवा, त्यांच्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवा. तळव्यांना पट्टा अडकवा, तो नसेल तर लांब टॉवेल चालतो. पट्टा ओढायचा नाही, नुसता धरायचा, खांदे सैल. मग डोकं नेण्याचा विचार सोडून बेंबी मांडीच्या दिशेने नेता येते का बघा. कंबर खुब्यावर पुढे कलली की ते लगेच कळतं. जेमतेम दहा-पंधरा अंशांची हालचाल असते, फोटो काढावा असं त्यात काहीही नाही. पण ताण बरोबर मांडीच्या मागे, मधोमध येतो, आणि पाठ लांब राहते. अंगठे अजून हातभर लांब असतात. असू देत. लवचिक माणसाला जो ताण पार खाली गेल्यावर मिळतो, तोच तुम्हाला इथे मिळाला आहे. "मग उपयोग काय?" या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला वाटतं इथेच संपतं.

इथून पुढे फक्त थांबायचं, साधारण अर्धा मिनिट, श्वास सोडताना थोडा लांबवत. हिसके द्यायचे नाहीत. शाळेत पी.टी.ला एक-दोन-तीन म्हणत झटके देऊन वाकायला लावायचे, ते डोक्यातून काढून टाका. स्नायूच्या आत ताणाचा वेग टिपणारी यंत्रणा असते. झटका बसला की ती स्नायूला आवळायला लावते, फाटू नये म्हणून. म्हणजे जितका जोर तुम्ही लावाल तितकाच स्नायू तुमच्या विरोधात जोर लावणार. हळू गेलात तर तो हळूहळू सैल सोडतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत जो फरक दिसतो तोही बराचसा मेंदूचाच असतो. स्नायू काही बोटभर लांब झालेला नसतो, तेवढा ताण धोक्याचा नाही एवढं मेंदूला पटलेलं असतं. भीती दाखवून ते पटत नाही.

म्हणूनच पाठीवर हात ठेवून दाबणाऱ्या शिक्षकांवर माझा राग आहे. मी एका क्लासला जायचो. तिथले सर पश्चिमोत्तानासनात मागून येऊन दोन्ही तळवे पाठीवर ठेवायचे आणि "सोडा, श्वास सोडा" म्हणत स्वतःचं वजन टाकायचे. मी "सर, नको" म्हटलं, तर उत्तर आलं, "मनातली भीती काढा." अहो, ती भीती मनातली नाही, ती माझ्या मांडीतली आहे आणि ती तिचं काम चोख करते आहे! माझ्या पाठीच्या आत काय चाललंय ते मला आतून कळतं, त्यांना बाहेरून कळत नाही. हेतू चांगलाच असतो त्यांचा. पण हेतू चांगला असला म्हणून चकती सरकायची राहत नाही.

दुखण्याबद्दल. "दुखलं तरच फरक पडतो" हे वाक्य ऐकलं की मला आसन सोडून घरी जावंसं वाटतं. स्नायूच्या मधल्या भागात पसरट, ओढल्यासारखं वाटणं ठीक आहे, आसन सोडलं की ते जातं. सांध्यात टोचणारी कळ, मुंग्या, बधिरपणा, पायातून खाली वीज गेल्यासारखं होणं, यातलं काहीही झालं तर लगेच बाहेर या, शिक्षक काहीही म्हणोत. अजून एक जागा फसवी आहे: बसतो ते हाड. पुढे वाकताना ताण मांडीच्या मध्यावर न येता त्या हाडापाशी दुखत असेल, तर स्नायूची दोरी जिथे हाडाला चिकटते ती जागा तुम्ही त्रासवताय. ते दुखणं चिवट असतं, महिनोन् महिने रेंगाळतं. गुडघे जरासे वाकवून टाका.

आणि पद्मासन. ते काही जणांना आयुष्यात येणार नाही, आणि याचं खापर त्यांच्या इच्छाशक्तीवर फोडणं बंद करायला हवं. खुब्याच्या सांध्यातली खोबण कुणाची खोल, कुणाची उथळ, कुणाची पुढे तोंड केलेली, कुणाची बाजूला. हाडाला हाड लागलं की सरावाने पुढे काही जात नाही. पद्मासनाला लागणारं वळण खुब्यातून यावं लागतं. तिथून आलं नाही आणि तरी पाऊल ओढून मांडीवर चढवलं, की ते वळण गुडघा देतो, ज्याची रचना मुळात पुढे-मागे दुमडण्यासाठी आहे. बसायचंच आहे ना? खुर्ची आहे, उंच बैठक आहे, भिंत आहे.

नवख्या ताठ माणसाला पहिल्याच दिवशी सूर्यनमस्कारांत ढकलणंही मला पटत नाही. बारा स्थितींच्या एका नमस्कारात हस्तपादासन, म्हणजे उभ्याने वाकून हात पायांशी टेकवणं, दोनदा येतं, म्हणजे आपल्याला जे सगळ्यात कमी जमतं तेच सगळ्यात जास्त वेळा, तेही वेगात. मी सुरुवात करायला सांगेन ती पाठीवर झोपून. एक पाय वर, तळव्याला पट्टा, दुसरा पाय जमिनीवर दुमडलेला. यात पाठ जमिनीला टेकलेली असल्यामुळे मणक्यांना लबाडी करता येत नाही, मांडीला स्वतःचं काम स्वतः करावं लागतं. मग मार्जारासन, म्हणजे हात-गुडघ्यांवर राहून पाठ वर-खाली करणं, हळू, श्वासाबरोबर. भुजंगासन छातीपुरतं, हातांवर जोर न देता. ताडासन भिंतीला पाठ लावून करून बघा, सोपं वाटतं म्हणून सोडू नका. डोक्याची मागची बाजू भिंतीला लागतच नाही असे बरेच निघतील. पर्वतासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) टाचा टेकत नसतील तर नका टेकवू, गुडघे वाकवा आणि कंबर वर जाऊ द्या. शवासनात पाठ दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी घ्या.

वेळेबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून सकाळी आपली उंचीही किंचित जास्त भरते आणि कंबर जास्त ताठ वाटते. अंथरुणातून उठून थेट पुढे वाकायच्या आसनांवर उडी मारणं त्यामुळे बरं नाही. पहाटे करायचं असेल तर आधी चाला-फिरा, वाकणं शेवटाकडे ठेवा. संध्याकाळी केलं तर काही पाप लागत नाही, पोट भरलेलं नसलं म्हणजे झालं.

रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली येणारी आसनं, हाडं ठिसूळ असतील तर पाठ वाकवून खोल पुढे जाणं, या गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. शीर्षासन तर कुणाच्याच "लवकर शिकायच्या" यादीत नको, मानेचे मणके त्या वजनासाठी घडलेले नाहीत.

लवचिक लोकांचा हेवा करणाऱ्यांना एवढंच सांगतो, की त्यांचेही प्रश्न असतात. ज्यांचे सांधे फारच सैल असतात त्यांना थांबायची खूण उशिरा मिळते, आणि ते आसनाच्या टोकाला जाऊन सांध्यावर लोंबकळत राहतात. त्यांना ताणापेक्षा ताकद कमवावी लागते. आपल्याला निदान कुठे थांबायचं ते शरीर ओरडून सांगतं.

मला स्वतःला काय मिळालं? बुटाची नाडी बांधताना आता श्वास अडकत नाही. गाडी मागे घेताना मान वळते, आधी अख्खं धड वळवावं लागायचं. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, पण "आई गं" म्हणावं लागत नाही. अंगठे अजूनही लांबच आहेत, आणि खरं सांगायचं तर ते धरून मी करणार काय होतो?

क्लास शोधत असाल तर चौकशीला गेल्यावर एकच विचारा: "वाकल्यावर माझे हात जमिनीला टेकत नाहीत, मी काय करू?" "होईल हो, जोर लावायचा" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. समोरच्या बाईंनी किंवा सरांनी काही न बोलता कोपऱ्यातून दोन ठोकळे आणून तुमच्या पायांशी ठेवले, तर तिथल्या तिथे नाव नोंदवा. आणि पहिल्या दिवशी जरा लवकर जाऊन भिंतीलगतची मॅट धरा, ती लवकर भरते.